तुपाखाली रुजलेला जंतू

धोतर जरा वर खोचा. पायाखाली चिखल आहे, त्यात भुसा आहे, काकवी सांडलेली आहे, आणि बाकी काय आहे ते विचारू नका. तुम्ही मुंबईच्या मांडवीत उभे आहात. साल १८९६, भाद्रपद सरत आलाय. पाऊस ओसरला, पण घाम हटत नाही. नाकात आधी लाल मिरची शिरते, मग हळद, मग ओलं गोणपाट, आणि सगळ्यांच्या तळाशी तुंबलेल्या गटाराचा वास. "बाजू! बाजू!" पाठीवर पोतं घेतलेला हमाल ओरडतो आणि तुम्ही सरकायच्या आत त्याचा कोपर बरगडीत बसतो. माफी मागायला तो थांबणार नाही. त्याची मजुरी पोत्यावर आहे.

वखारीच्या भिंतीला टेकून श्वास घ्या. खाली बघा, फाटक्या पोत्यातून गळलेला गहू गटाराच्या काठावर रुजलाय. दाणा पाणी पिऊन टम्म फुगतो, आतल्या पिठाची साखर होऊ लागते, आणि पहिल्यांदा बाहेर येतं ते पांढरं मूळ. हिरवा कोंब नंतर. ओल, ऊब आणि अन्न एवढं मिळालं की दाण्याला जागा चालते. राजवाड्याची बाग असो की मांडवीचं गटार, तो रुजतो.

आता त्या कोंबांशेजारी बघा. भर दुपारी उघड्यावर एक उंदीर आलाय. माणसांना तो भीत नाही. दोन पावलं चालतो, स्वतःभोवती फिरतो आणि आडवा होतो. समोरचा दुकानदार दांडीनं त्याला ढकलून देतो आणि परत वजनकाट्याकडे वळतो. गेले काही दिवस उंदीर पडतायत, एवढंच तो म्हणेल. तुम्ही मात्र मागे व्हा! मेलेलं अंग गार पडू लागलं की त्यावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात, आणि सगळ्यात जवळ तुमची पोटरी आहे. ही पिसवेची भानगड सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर आणखी दोन वर्षांनी कराचीत उलगडणार आहे. तुम्ही आता घसा फोडून सांगितलंत तरी इथं कुणी ऐकणार नाही.

वर चला. जिना अरुंद, अंधारा, हात लावाल तिथं भिंत ओली. खोलीत शेगडीचा धूर कोंडलाय. कोपऱ्यात पडलेल्या माणसाचं अंग दारातूनच भाजतं, डोळे लाल, बोलणं दारू प्यायल्यासारखं अडखळतं. जांघेत गाठ आहे. तिच्यावर चादर टेकली तरी तो किंचाळतो. अशाच खोल्यांतून हिंडताना डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ही गाठ ओळखली आणि तिला प्लेग म्हणायचं धाडस केलं. व्यापाराच्या शहरात तो शब्द उच्चारणं सोपं नव्हतं.

पुढचे काही आठवडे मी तुम्हाला पळवतच नेतो. कार्बोलिकचा उग्र वास, चुन्याचे पांढरे हात, ऊन आत यावं म्हणून छपरावरून उतरवलेली कौलं. बोरीबंदरवर बोचकी, पेट्या, रडणारी पोरं. धक्क्यावर कोकणच्या बोटीत पाय ठेवायला जागा नाही. उन्हाची कल्पना तशी वेडगळ नव्हती. काही जंतू बीजाणू करतात, म्हणजे कठीण कवचात वर्षानुवर्षं निजून राहतात आणि संधी मिळाली की बियांसारखे पुन्हा रुजतात. काळपुळीचा जंतू तसा आहे. प्लेगच्या जंतूला ते कवच नाही, कडक ऊन त्याला सोसत नाही. पण कौलं उतरवली तरी उंदीर शेजारच्या चाळीत पळायचा आणि पिसवा त्याच्याबरोबर जायच्या.

आता भायखळ्याला या, ग्रँट मेडिकल कॉलेजात. इथं मात्र आपण थांबायचं. एक खोली आणि एक व्हरांडा, एवढीच प्रयोगशाळा. एक कारकून, तीन शिपाई आणि ओदेसाहून पॅरिसमार्गे आलेला एक छत्तिशीचा माणूस. वाल्डेमार हाफकिन. पिंजऱ्यांतल्या सशांचा आणि उंदरांचा वास, उकळत्या मटणाच्या पाण्याचा वास, आणि त्यात ओळखीचा, घरचा वास. तुपाचा! बकऱ्याच्या मांसाचं पाणी काचेच्या चंबूत भरलंय आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगतायत.

चंबूला हात लावू नका. धक्का बसला तर सगळी मेहनत जाईल. डोळा जवळ न्या. तुपाच्या थेंबाखाली जंतू रुजतो आणि खाली वाढत जातो, वडाच्या पारंब्यांसारखा. काही दिवसांनी हाफकिन चंबू हलक्या हातानं हलवतो, पारंब्या तुटून तळाशी बसतात आणि वर नव्या फुटतात. असं एकामागून एक पीक, कित्येक आठवडे. सूक्ष्मदर्शकातून बघा: आखूड कांड्या, दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिकट. मांडवीच्या त्या खोलीत माणसाला जाळत होता तो हाच.

मग हे पाणी सुमारे ७० अंशांवर तासभर तापवायचं. जंतू मरतो, पण त्याची ओळख त्या पाण्यात उरते. शरीराला ती दाखवली की खरा जंतू आला तर लढायची तयारी आधीच झालेली असते. वर थोडं कार्बोलिक, की झाली लस.

सांगायला सोपं. त्या खोलीत चंबू फुटला तर काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कामाच्या ताणानं एक सहायक मनानं पार खचला, दोघे सोडून गेले. मला विचाराल, तर हाफकिनइतकाच मान त्या व्हरांड्यात चंबू धुणाऱ्या, पिंजरे झाडणाऱ्या माणसांना द्यायला हवा. त्यांची नावं इतिहासात नाहीत.

१० जानेवारी १८९७. हाफकिन लस आधी स्वतःला टोचून घेतो, १० घन सेंटिमीटर. पुढे लोकांना दिली त्याच्या सुमारे तिप्पट. सुईची जागा सुजते, ताप चढतो, हात कपाळाकडे न्यावासा वाटेल तुम्हाला. तो उतरतो. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो. निम्म्या कैद्यांनी आपणहून टोचून घेतलं. त्यांच्यात आजारी पडणारे आणि मरणारे, दोन्ही उरलेल्यांपेक्षा खूप कमी निघाले.

लस सगळ्यांपर्यंत वेळेत पोचली नाही. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. पण चंबू वाढत राहिले. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली, १९२५ साली तिला हाफकिनचं नाव मिळालं, आणि तोवर मुंबईतून लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

आता परत या, हातपाय धुवा. आज प्रतिजैविकांनी प्लेग बरा होतो, मात्र उपचार लवकर सुरू व्हायला हवेत. जंतू संपलेला नाही. रानातल्या उंदरांत तो अजून फिरतो आणि १९९४ साली बीड जिल्ह्यात तो गावात शिरला होता. तुमच्या गावात, गोदामात किंवा सोसायटीत एकाएकी उंदीर मरून पडू लागले, तर हातानं उचलू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा.