वेबपृष्ठांवरील दृश्य टॅग व अदृश्य मेटाडेटा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ग्रंथाच्या पाठीवरील वर्गांक चुकला तर ग्रंथपालाच्या तो लक्षात येतो. वेबपृष्ठाच्या आज्ञावलीत दडलेला शब्द चुकला तर तो कोणासही दिसत नाही. नागपूरलगतच्या बेसासारख्या गावाचा इतिहास संगणकावर नोंदविताना यांपैकी कोणत्या खुणेवर विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
१९९५ च्या एचटीएमएल २.० या प्रमाणकात 'मेटा' घटकाचा समावेश होता. त्यातील मुख्यशब्द तत्कालीन काही शोधयंत्रे विचारात घेत असत. वाचकास ते दिसत नसल्याने मजकुराशी संबंध नसलेले शब्दही त्यात भरले जाऊ लागले. अखेर सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नसल्याचे जाहीर केले.

याउलट, २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखाच्या तळाशी 'वर्ग' दिसतात. बेसाच्या लेखास चुकून दुसऱ्या जिल्ह्याचा वर्ग जोडला गेला, तर कोणीही जाणकार वाचक तो बदलू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर चरित्रलेखांत 'पर्सनडेटा' नावाचा अदृश्य साचा असे. २०१५ मध्ये तो कालबाह्य ठरविण्यात आला. अशी माहिती आता विकिडेटावर, स्वतंत्र व सर्वांस दिसणाऱ्या पृष्ठांवर, नोंदविली जाते.

तथापि दृश्य ते टिकाऊ आणि अदृश्य ते नाशवंत, असे सरसकट विधान करता येत नाही. २००५ पासून टेक्नोरातीने प्रचारात आणलेले टॅग दृश्य होते. ती सेवा बंद पडल्यावर त्यांचे दुवे निकामी झाले, शब्द मात्र वाचनीय राहिले. दुसरीकडे, अक्षरसंकेताची घोषणा अदृश्य असूनही टिकली. ती चुकल्यास देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटू शकतात व दोष तत्काळ उघड होतो.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, खुणेचे आयुष्य ती दिसते की नाही यापेक्षा तिची चूक कोणाच्या तरी लक्षात येते की नाही, यावर अवलंबून असते. म्हणून महाविद्यालयांनी स्थानिक इतिहासाची साधने संगणकावर आणताना गाव, तालुका, काळ व विषय हे मजकुराबरोबरच, वाचकास दिसतील असे मराठीत नोंदवावेत. केवळ यंत्रासाठी लिहिलेल्या नोंदीची चूक यंत्र सांगत नाही. गावचा माणूस सांगतो.