किती नियोजन पुरेसे? बॅरी बोएम, शिस्त आणि चपळता

१/ सॉफ्टवेअरच्या इतिहासात एक भांडण फार गाजले. एका बाजूला आराखडे, दस्तऐवज आणि मोजमाप यांवर विश्वास ठेवणारे शिस्तवादी. दुसऱ्या बाजूला छोट्या टप्प्यांनी, ग्राहकाला सोबत घेऊन, बदल पचवत पुढे जाणारे अजाइलवादी. या भांडणात पहिल्या पक्षाचा एक ज्येष्ठ मानकरी स्वतःच्याच आकडेवारीवर आलेला आक्षेप घेऊन पुन्हा हिशेबाला बसला. त्याचे नाव बॅरी बोएम. ही त्याच्या कारकिर्दीची कथा.

२/ बोएम यांचा जन्म १९३५ चा. हार्वर्डमध्ये गणित शिकत असताना, १९५५ साली, ते कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे जनरल डायनॅमिक्स या कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी त्यांना एक मोठी खोली व्यापून बसलेला ईआरए ११०३ संगणक दाखवला आणि समज दिली: या यंत्रासाठी कंपनी ताशी ६०० डॉलर मोजते, तुझ्यासाठी ताशी २ डॉलर, त्या हिशेबाने वाग.

३/ ३०० ला १ हे ते प्रमाण. यंत्राचा एक तास वाया घालवण्यापेक्षा माणसाने कित्येक दिवस कागदावर डोके चालवणे स्वस्त होते. म्हणून प्रोग्राम यंत्रात घालण्यापूर्वी हाताने चालवून पाहायचा, सहकाऱ्याकडून वाचून घ्यायचा, अशी सवय बोएम यांना लागली. शिस्तीचा हा पहिला धडा खर्चाच्या गणितातून आला होता. गणित बदलले की धडाही तपासावा लागतो, हे मात्र उमगायला वेळ लागला. यंत्र स्वस्त झाल्यावरही सेकंदाचे सूक्ष्म अंश वाचवण्याचा ओढा आपल्यात उरला होता, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली.

४/ १९५९ मध्ये ते रँड कॉर्पोरेशनमध्ये गेले. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या एका अभ्यासाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पुढील दशकात दलाला कोणती संगणकीय साधने लागतील, हा प्रश्न होता. उत्तर मात्र वेगळ्याच दिशेने आले: खरी अडचण यंत्रांची नसून सॉफ्टवेअरची होती. १९७३ मध्ये ‘डेटामेशन’ मासिकातील लेखात त्यांनी ते आकड्यांनिशी मांडले. ताशी ६०० डॉलरचा जुना हिशेब आता उलटत होता.

५/ तो काळच अस्वस्थतेचा होता. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या रखडलेल्या आणि फसलेल्या कामांची उघड चर्चा झाली. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी एकाखाली एक पायऱ्या दाखवणारी आकृती छापली. पुढे तिलाच ‘वॉटरफॉल’ म्हणू लागले. केवळ या क्रमाने जाणे धोक्याचे आहे, असा इशारा रॉइस यांनी त्याच लेखात दिला होता. कंत्राटांच्या कागदांत आकृती टिकली. इशारा गळून गेला.

६/ १९७३ मध्ये बोएम टीआरडब्ल्यू या संरक्षणक्षेत्रातील कंपनीत आले. येथे त्यांनी एक आलेख मांडला, जो पुढे प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेला. गरजा ठरवतानाच सापडलेली चूक दुरुस्त करण्याचा खर्च १ धरला, तर मोठ्या प्रकल्पात तीच चूक सॉफ्टवेअर वापरात आल्यावर दुरुस्त करायला सुमारे १०० पट खर्च येतो. छोट्या, कमी जोखमीच्या प्रकल्पांत मात्र हे प्रमाण सुमारे ५ पटच भरते. वाचकांनी पहिला आकडा पाठ केला. दुसरा बहुतेकांच्या नजरेतून सुटला. पुढचे सारे नाट्य त्या दुसऱ्या आकड्यात दडलेले आहे.

७/ १९८१ मध्ये ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स’ हा त्यांचा ग्रंथ आला. त्यात ६३ प्रकल्पांच्या माहितीवर उभारलेले ‘कोकोमो’ हे श्रमांचा अंदाज बांधणारे प्रतिमान होते. त्यातील घातांक बोलके आहेत: परिचित, छोट्या कामांसाठी १.०५ आणि यंत्रांत खोल गुंतलेल्या कठीण कामांसाठी १.२०. म्हणजे आकार दुप्पट झाला, तर पहिल्या प्रकारात श्रम सुमारे २.०७ पट होतात, दुसऱ्यात सुमारे २.३० पट. आकार आणि स्वरूप बदलले की कामाचा स्वभावच बदलतो, हे यातून दिसले.

८/ त्याच सुमारास टीआरडब्ल्यूमध्ये एक प्रसंग घडला. सुमारे हजार वापरकर्त्यांच्या एका सरकारी माहितीप्रणालीसाठी अट होती: प्रत्येक प्रश्नाचे उत्तर १ सेकंदाच्या आत. ही अट पाळायची तर सुमारे १० कोटी डॉलरची खास रचना उभारावी लागणार होती. अखेर एक नमुना तयार करून लोकांच्या हाती दिला, तेव्हा बहुतेक वेळा ४ सेकंद सहज चालतात असे दिसले. खर्च सुमारे ३ कोटींवर आला. कागदावर पक्की केलेली गरज खरी गरज असतेच असे नाही, हे एका नमुन्याने दाखवले.

९/ यातून पक्की झालेली दृष्टी म्हणजे सर्पिल प्रतिमान. १९८६ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध झाले आणि १९८८ च्या लेखाने सर्वत्र पोहोचले. प्रत्येक फेरीत उद्दिष्ट ठरवायचे, पर्याय मांडायचे, सर्वांत मोठी जोखीम कोणती ते शोधायचे आणि आधी तिच्यावर काम करायचे. जोखीम वापरकर्त्याच्या पसंतीत असेल तर नमुना बनवा. अचूकतेत असेल तर काटेकोर विनिर्देश लिहा. पद्धत आधी आणि प्रकल्प नंतर, हा क्रमच येथे उलटला.

१०/ मात्र १९९० च्या दशकाचा वारा प्रक्रियासुधारणेचा होता. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेत वॉट्स हम्फ्री यांच्या विचारांतून ‘सीएमएम’ ही पाच पायऱ्यांची कसोटी घडली. भारतात तिचे जोरदार स्वागत झाले. मोटोरोलाच्या बंगळूर केंद्राने १९९३ मध्येच पाचवी पायरी गाठली. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाला अनोळखी कंपनीवर विश्वास ठेवायला काही आधार हवा होता. तो या शिक्क्याने दिला. कागद मात्र वाढत गेले, आणि प्रोग्रामरांची कुरकुरही.

११/ कुरकुरीचे बंड झाले. १९९९ मध्ये केंट बेक यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’वरील पुस्तकात थेट बोएम यांच्या आलेखालाच हात घातला. सतत चाचण्या, साधी रचना आणि छोटे टप्पे असतील, तर उशिरा केलेल्या बदलाचा खर्च फारसा वाढत नाही. मग सारे आधी ठरवण्याचा अट्टहास कशाला? फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि ‘अजाइल जाहीरनामा’ निघाला.

१२/ आव्हान मोठे होते. आलेख खोटा ठरला असता, तर आरंभीच्या नियोजनावरचा सारा खर्च व्यर्थ ठरला असता. उलट, आलेख खरा असूनही तो झुगारला, तर विमान किंवा वैद्यकीय उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या धाडसाची किंमत माणसांनी मोजली असती. बोएम तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. जानेवारी २००२ मध्ये त्यांनी लेख लिहिला. त्याचा आशय: अजाइलची तयारी करा, पण जपून.

१३/ पुढच्या वर्षी बेक आणि बोएम यांचा वाद-संवाद ‘कॉम्प्युटर’ या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी रिचर्ड टर्नर यांच्यासह बोएम यांचे ‘बॅलन्सिंग अजिलिटी अँड डिसिप्लिन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जाहीरनाम्यावर सही करणारे अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. प्रतिपक्षाच्या माणसाने प्रस्तावना लिहावी, हे त्या तापलेल्या दिवसांत लक्षणीय होते.

१४/ पुस्तकाने पाच प्रश्न पुढे ठेवले. चमू किती मोठा? चूक झाली तर काय गमवावे लागेल: थोडी गैरसोय, पैसा की जीव? गरजा किती वेगाने बदलतात? हाताशी किती कसलेली माणसे आहेत? आणि त्या माणसांना मोकळीक मानवते की आखलेली चौकट? पाच उत्तरे पाच अक्षांवर मांडली की प्रकल्पाची आकृती उमटते. ती आत आक्रसलेली असेल तर अजाइल मार्ग सोयीचा, बाहेर पसरलेली असेल तर नियोजनाचा. बहुतेक खरे प्रकल्प मधेच कोठेतरी पडतात. तेथे प्रत्येक भागाला त्याच्या जोखमीप्रमाणे पद्धत द्यावी लागते.

१५/ मग आकडे काय सांगत होते? २००० साली आलेले ‘कोकोमो २’ हे १६१ प्रकल्पांच्या माहितीवर बेतलेले होते. त्यात प्रक्रियेची परिपक्वता आणि विकासातील लवचीकता हे दोन्ही घटक शेजारी बसवले होते. त्या आधारे बोएम यांनी आरंभीच्या रचनाकामाचा लाभदायी वाटा काढला: १० हजार ओळींच्या प्रणालीत सुमारे ५ टक्के, १ लाख ओळींच्या प्रणालीत २० टक्के आणि १ कोटी ओळींच्या प्रणालीत ३७ टक्के. गरजा वेगाने बदलत असतील तर हा वाटा घटतो. सुरक्षिततेची मागणी कडक असेल तर वाढतो.

१६/ म्हणजे बेक आणि बोएम दोघेही आपापल्या मुलखात बरोबर होते. छोट्या प्रकल्पांचा तो ५ पटीचा आकडा कित्येक वर्षांपासून नोंदलेला होताच. अजाइलची भूमी तेथेच होती. विरोधकाला खोटे पाडण्याऐवजी ‘तुमचे म्हणणे कोठवर खरे?’ असे विचारून ती हद्द मोजणे, हे बोएम यांचे खरे योगदान.

१७/ ऑगस्ट २०२२ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, बोएम यांचे निधन झाले. महाराष्ट्रातील संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही सर्पिलाची आकृती आणि कोकोमोची सूत्रे परीक्षेसाठी वेगवेगळी पाठ करतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तर त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो: येथे चुकलो तर किती गमावू? किती नियोजन पुरेसे, याचे उत्तर त्या प्रश्नापासून सुरू होते.