वाटेवरचा गुत्ता: बुलढाण्यातल्या दारूचा आणि तलफेचा इतिहास

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगतच्या दारूविक्रीबद्दल निकाल दिला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दुकाने १ एप्रिल २०१७पासून बंद होणार होती. चर्चा झाली ती या ५०० मीटरची. पण त्याच आदेशात आणखी दोन अटी होत्या. दुकान महामार्गावरून दिसता कामा नये आणि दारू मिळते असे सांगणारी पाटी वा जाहिरात रस्त्यालगत राहता कामा नये. बुलढाणा जिल्ह्यात जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ मलकापूर, नांदुरा आणि खामगाव या तीन गावांतून जातो. न्यायालयापुढचा प्रश्न वाहनचालकांचा आणि अपघातांचा होता. तरीही नजरेआड करण्याच्या त्या अटींनी व्यसनाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते.

दारू सोडलेला माणूस पुन्हा पितो तेव्हा गाव म्हणते, मनाचा कच्चा. त्याच्या डोक्यात काय घडते याचा शोध मात्र पाऊणशे वर्षांपासून सुरू आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय होते. तिथले डॉक्टर अब्राहम विकलर यांना १९४०च्या दशकात एक गोष्ट खटकली. कित्येक महिने नशेपासून दूर राहिलेले, शरीराने सुधारलेले रुग्ण गटात बसून नशेच्या गोष्टी काढू लागले, की त्यांना जांभया येत, नाक गळू लागे, डोळ्यांतून पाणी वाही. अंगात औषधाचा अंश नसताना नशा तुटल्याची सगळी लक्षणे! जुन्या मोहल्ल्यात परतल्यावरही तेच होई. विकलर यांनी निष्कर्ष काढला, की जागा, माणसे आणि वस्तू यांच्याशी शरीराची गाठ पडलेली असते आणि ती उपचाराने आपोआप सुटत नाही.

ही गाठ मेंदूत कशी पडते, ते पुढे स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून उलगडले. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला, की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उत्तेजित होत. रसाआधी दर वेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही दिवसांत त्या पेशी रसाला प्रतिसाद देईनाशा झाल्या आणि दिवा लागताच उसळू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे काम मंदावे. म्हणजे डोपामिन सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीशी जोडले जाते. ती चाहूल लागताच जी ओढ जागी होते, तिलाच पिणारा माणूस तलफ म्हणतो.

२००६ साली नोरा वोल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच माणसांत पाहिले. कोकेनच्या व्यसनात अडकलेल्या १८ जणांना एकदा निसर्गदृश्यांची आणि एकदा कोकेन ओढणाऱ्यांची चित्रफीत दाखवण्यात आली. दुसरी चित्रफीत पाहताना त्यांच्या मेंदूच्या सवयी सांभाळणाऱ्या भागात डोपामिन वाढले आणि ज्याच्यात ते अधिक वाढले त्याने तलफही अधिक सांगितली. कोकेनचा कणही कोणाला दिलेला नव्हता.

हे ध्यानात ठेवून वऱ्हाडाचा इतिहास वाचला, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, मोहाच्या फुलांची दारू जुनी. कोरकू आणि भिलाला वस्त्यांत ती सणाला, लग्नकार्याला, देवाला लागे. पिण्याला निमित्त होते आणि ते निमित्त रोज उगवत नव्हते. १८५३च्या करारानंतर वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हा दारू हे आबकारीचे, म्हणजे सरकारी उत्पन्नाचे साधन झाले. विक्रीच्या हक्काचे लिलाव होऊ लागले. मक्त्याची रक्कम भरून काढायची तर खप वाढवणे भाग होते आणि खप वाढतो तो माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

तशा वाटाही याच काळात तयार झाल्या. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आले. खामगावचा कापूसबाजार देशभर नावाजला. गाड्या, हमाल, जिनिंगचे मजूर, आठवड्याच्या बाजाराला येणारे शेतकरी आणि त्यांच्या हाती रोख पैसा असे गर्दीचे चित्र उभे राहिले. निमित्ताची दारू ठरल्या जागेची आणि ठरल्या वेळेची झाली. बाजाराचा दिवस, मजुरीचा दिवस, घराकडे वळणारा तिठा, भट्टीचा वास, बरोबरच्या गड्याची हाक: शुल्ट्झच्या माकडाला एक दिवा होता, इथे माणसाभोवती असे डझनभर दिवे लागले.

त्यावरचा पहिला उपाय सरकारने नव्हे, संतांनी केला. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी कीर्तन-भजनांतून गावोगाव दारूवर प्रहार केले. त्याहून जुनी वाट वारकऱ्यांची. गळ्यात तुळशीची माळ घातली, की दारू आणि मांस वर्ज्य. माळेची ताकद केवळ शपथेत नाही. माळकऱ्याला कोणी पेला पुढे करत नाही, पार्टीला ओढत नाही. वारीच्या, एकादशीच्या आणि भजनाच्या निमित्ताने त्याची संध्याकाळ दुसऱ्या माणसांत जाते. जुन्या खुणांच्या जागी नव्या खुणा आणि जुन्या संगतीच्या जागी नवी संगत देणारी ही व्यवस्था वारकऱ्यांनी मेंदूचे चित्र काढता येण्याच्या फार आधी घडवली होती.

कायद्याने मात्र बाटलीकडेच पाहिले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि ठरावीक भागांत तो लागू झाला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बुलढाणा मुंबई राज्यात आला, जिथे १९४९चा दारूबंदी कायदा होता. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने चालतो. पिण्यासाठी परवाना लागतो, हे त्यामुळेच. पुढे बंदी सैल झाली, देशी दारूची परवानाधारक दुकाने आली आणि गावांत हातभट्टीही राहिली.

त्यानंतरची लढाई बायकांनी लढली. २००८च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकानाबद्दल मतदान घ्यावे लागते. ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान राहू द्या, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद करा. आवश्यक तेवढी मते आडव्या बाटलीला पडली, की दुकान उठते. गावात दारूचा थेंब येणार नाही, अशा भ्रमात या बायका नसतात. शाळेच्या, पाणवठ्याच्या, शेताच्या वाटेवर गुत्ता नको, एवढे त्यांना हवे असते. विज्ञानाच्या कसोटीवर ही मागणी पूर्ण उतरते.

जागा बदलल्याने केवढा फरक पडतो, याचा मोठा पुरावा व्हिएतनाम युद्धातून आला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. घरी परतल्यानंतर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले त्यांना सुमारे ५ टक्केच आढळले. नशेच्या साऱ्या खुणा समुद्रापलीकडे राहिल्या होत्या. बुलढाण्याच्या माणसाचे याच्या अगदी उलट होते. उपचाराला तो दूर जातो आणि बरा होऊन परततो तो थेट त्याच तिठ्यावर.

परतण्याची वेळही धोक्याची असते. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कोकेनची सवय लागलेल्या उंदरांना खुणांमुळे होणारी ओढ नशा तुटल्यावर पहिल्या दोन महिन्यांत कमी होण्याऐवजी वाढत गेली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्यावर भर दिला आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा केला. व्यसनमुक्त माणसाचे घर आणि त्याची संध्याकाळ हा उपचाराचाच भाग आहे, ही जाण त्यामागे होती.

महामार्गाच्या आदेशाचे पुढे काय झाले? नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना त्याची आडकाठी नाही, असा खुलासा २०१७ सालीच न्यायालयाने केला. मलकापूर, नांदुरा आणि खामगाव या तिन्ही ठिकाणी नगरपालिका आहेत.

म्हणून आता काम गावाच्या हाती आहे. आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करणाऱ्या बचत गटांनी, ग्रामसभांनी आणि भजनी मंडळांनी आणखी एक यादी करावी: गावातून उपचाराला कोण गेले आहे आणि ते कधी परतणार आहेत. पहिले काही महिने बाजाराच्या दिवशी त्यांच्यासोबत कोणी तरी जावे, मजुरीचे पैसे शक्यतो घरच्यांच्या खात्यात यावेत, संध्याकाळी बसायला पारावर किंवा देवळात त्यांना जागा असावी. आणि इतके करूनही कोणी घसरला, तर त्याला मनाचा कच्चा न म्हणता पुन्हा उपचाराला पाठवावे.