नावात छाया, फोटोत नाही

साहेबाच्या फोटोग्राफीचा मूळ अर्थ प्रकाशाने लिहिणं. आपण तिला छायाचित्रण म्हटलं. नावातच छाया! तरीही आमच्या गावच्या फोटोग्राफरचा सगळा जन्म सावलीशी हाडवैर करण्यात गेला. नाकाखाली जरा काळोख दिसला की स्वारी आणखी एक दिवा लावी. त्यातूनही उरलेलं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून साफ! त्यामुळे भिंतीवरचे आमचे आजोबा सोललेल्या बटाट्यासारखे दिसतात. तीन मुलींच्या लग्नांचं कर्ज फेडताना कपाळावर पडलेल्या आठ्या त्या गृहस्थाने पाच मिनिटांत माफ करून टाकल्या.

या दीपभक्तांनी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची शिकवणी लावायला हवी होती. बाईंचा जन्म १८१५ सालचा, आपल्या कलकत्त्याचा. पुढे संसार इंग्लंडात, आइल ऑफ वाइट बेटावर. १८६३च्या डिसेंबरात लेक-जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. वय वर्षं अठ्ठेचाळीस. म्हणजे माणूस फोटो काढतो तो गुडघ्याचा, असं वय! बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. कोंबड्यांना मोकळीक मिळाली. ती पाहुण्यांना मिळाली नाही.

कारण तेव्हा काचेवर रसायन ओतून, ते ओलं असतानाच फोटो घ्यावा लागे. समोरच्याने काही मिनिटं पुतळा व्हायचं. इतर स्टुडिओंत मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावीत. बाईंनी चिमट्याऐवजी पडद्याकडे लक्ष दिलं. बराचसा उजेड बाहेरच ठेवला आणि उरलेला एका बाजूने आत घेतला. अर्धा चेहरा उजळला, अर्धा अंधारात बुडाला, कडा किंचित धूसर झाल्या. जाणकार ओरडले, "फोकस कुठाय? काचेवर डाग आहेत!" बाईंनी ऐकून घेतलं आणि तेच पुढे चालू ठेवलं.

१८६७ साली त्यांच्यासमोर बसले सर जॉन हर्शेल, वय पंचाहत्तर. 'फोटोग्राफी' हा शब्द १८३९ मध्ये रूढ करणारे आणि फोटो टिकवायचा हायपो दाखवून देणारे हेच ते शास्त्रज्ञ. इतक्या मोठ्या माणसाला बाईंनी आधी केस धुऊन यायला लावलं! मग खांद्यांवर काळं कापड टाकलं. फोटोत काळोखातून फक्त एक म्हातारा चेहरा वर येतो. पिंजारलेले पांढरे केस, पाणावल्यासारखे डोळे आणि सुरकुत्या, एकूण एक, जागच्या जागी.

फोटोग्राफरची ती पेन्सिल आता मोबाइलमध्ये शिरून आपल्या खिशात आली आहे. बोट फिरवलं की चाळीस वर्षांची काळजी गुळगुळीत होते. दिसतो छानच; प्रश्न एवढाच की नातवंडांनी कुणाला ओळखायचं? हर्शेलसाहेबांची ती अडचण नाही. दीडशे वर्षांनंतरही त्या फोटोसमोर उभं राहिलं की विचारावंसं वाटतं, "काय हो आजोबा, रात्री झोप लागत नाही का?"