समूहाने परदेशी जाताना

राजुरा परिसरातील माणसाला सीमा ओलांडणे नवे नाही. निजामी राजवटीत हा भाग हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, तर वर्धा नदीपलीकडील बल्लारपूर ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात. नदी ओलांडली की अंमल बदले आणि नाणेही बदले. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे ब्रिटिश रुपया. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्यात आले आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडले गेले. आज कोळसा खाणीतून, सिमेंट कारखान्यातून किंवा शाळेतून निवृत्त होणाऱ्या येथील माणसालाही युरोप किंवा सिंगापूर आवाक्यातले वाटते. या प्रवासाचा त्याला सुचणारा पहिला मार्ग म्हणजे संयोजित समूह सहल.

समूहाने प्रवास करण्याची रीत मात्र पर्यटन कंपन्यांहून कितीतरी जुनी आहे. चंद्रपूरच्या महाकालीच्या चैत्र यात्रेला मराठवाड्यातून भाविकांचे जथे येतात. हजयात्रेकरू १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजाने जात. पुढे हा प्रवास पूर्णपणे विमानाने होऊ लागला आणि प्रस्थान केंद्रांमध्ये नागपूरचाही समावेश राहिला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्यानंतर महिनाभरातच ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. विदर्भातील बौद्ध उपासकांच्या यात्रांमध्ये बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर यांच्या जोडीला नेपाळमधील लुंबिनीही असते. अनेक कुटुंबांचा पहिला परदेश प्रवास हाच ठरतो, कारण रस्त्याने नेपाळला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला पासपोर्टची सक्ती नाही. मतदार ओळखपत्रही चालते.

आधुनिक पर्यटन व्यवसायाचा आरंभही करमणुकीतून झालेला नाही. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कूक यांनी इंग्लंडमधील लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० लोकांना आगगाडीने नेले, ते दारूबंदीच्या सभेसाठी. एक शिलिंगात त्यांनी प्रवासाची सारी व्यवस्था केली. याच कूक यांनी १८७२-७३ मध्ये एका लहान गटाला पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. महाराष्ट्रात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या केसरी टूर्ससारख्या संस्थांनी मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक आणि ओळखीचे जेवण देऊन मध्यमवर्गाला परदेशाची वाट मोकळी करून दिली.

समूहाचे खरे मोल येथेच आहे. इंग्रजी न येणारी गृहिणी, गुडघे दुखणारे आजोबा, एकटी राहणारी विधवा यांच्यासाठी समूह ही केवळ सोय नसून प्रवासाची परवानगी असते. भारत सरकारने २०१८ पासून ४५ वर्षांवरील महिलांना पुरुष नातेवाइकाशिवाय हजला जाण्याची मुभा दिली, ती किमान चार जणींचा गट असेल या अटीवर. एकटीसाठी बंद असलेले दार चौघींसाठी उघडले.

हाच समूह भिंतही होऊ शकतो. दहा दिवसांत सहा देश पाहायचे, दोन्ही वेळा आपलेच जेवण जेवायचे, बसमध्ये आपल्याच भाषेतील गाण्यांच्या भेंड्या खेळायच्या, तर त्या देशातील माणसाशी दोन वाक्ये बोलण्याचा प्रसंगही येत नाही. परत आल्यावर छायाचित्रे भरपूर असतात, सांगण्यासारखे थोडे. यात दोष केवळ संयोजकाचा नसतो. जाहिरातीत स्थळांची संख्या वाढवावी लागते, कारण ग्राहक ती मोजूनच पैसे भरतो.

सहलीतील घाईची कारणेही जाणून घ्यावीत. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार बसचालकाला साधारणपणे दिवसात ९ तासांहून अधिक काळ बस चालवता येत नाही आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक असते. एका प्रवाशाने केलेला अर्ध्या तासाचा उशीर म्हणूनच साऱ्या गटाच्या एखाद्या स्थळावर पाणी फिरवू शकतो. सहल व्यवस्थापकाचा वेळेबाबतचा आग्रह बहुधा या हिशोबातून येतो.

पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. कार्यक्रमपत्रिकेतील स्थळ ‘आत प्रवेश’ या सदरात आहे की केवळ ‘बाहेरून दर्शन’, हा पहिला प्रश्न. बक्षिशी, व्हिसा शुल्क आणि ऐच्छिक सहली किमतीत धरल्या आहेत का, हा दुसरा. व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल, हा तिसरा. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार विम्यात समाविष्ट आहेत का, हा चौथा. ज्येष्ठांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. शिवाय पासपोर्टची मुदत त्या देशांतून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावी लागते आणि प्रथमच अर्ज करणाऱ्याला बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्यक्ष हजर राहावे लागते. परदेश सहलीच्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२० पासून उगमस्थानी कर गोळा केला जातो. त्याचे दर बदलत आले आहेत, म्हणून नोंदणीच्या वेळचा दर विचारावा. भरलेली रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, त्यासाठी पावती जपावी.

मोठे नाव म्हणजे हमी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधील थॉमस कूक कंपनी बंद पडली, तेव्हा सुमारे दीड लाख प्रवाशांना मायदेशी आणण्याची व्यवस्था तेथील सरकारी यंत्रणेला करावी लागली. भारतातील थॉमस कूक ही त्याआधीच वेगळी झालेली स्वतंत्र कंपनी असल्याने तिच्यावर ती वेळ आली नाही. लहान गावातील ग्राहकाला एक आधार मात्र आहे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. मुंबई-पुण्याच्या कंपनीविरुद्ध राजुऱ्याच्या ग्राहकाला चंद्रपूरच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते.

राजुऱ्याहून निघणाऱ्याने आणखी एक हिशोब करावा. नागपूर सुमारे १८० किलोमीटरवर आहे. जुलै २०२२ सारख्या पुरात वर्धेच्या पुलावरून पाणी गेल्याने बल्लारपूरचा रस्ता बंद पडतो. पावसाळ्यातील विमानासाठी एक दिवस आधी निघणे शहाणपणाचे.

राहिला प्रश्न भिंतीचा. तिच्यात खिडकी पाडणे प्रवाशाच्याच हाती असते. सहा देशांऐवजी दोन निवडावेत, कार्यक्रमात एक मोकळी दुपार आहे का ते पाहावे आणि त्या दुपारी गावातील बाजारात किंवा बागेत जाऊन बसावे. समूह रात्री मुक्कामाला भेटणारच असतो. परत नेणारे कोणी आहे, हे ठाऊक असले की अनोळखी रस्त्यावर चार पावले टाकायला फारसे धैर्य लागत नाही.