लोहमार्गावरील जुनीं फाटकें : एक उपेक्षित इतिहाससाधन

सनदा, महजर, वंशावळी व शिलालेख हीं इतिहासाचीं साधनें होत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र संग्राहकांच्या दप्तरांत अद्यापि फारसा शिरलेला नाहीं. रस्ता जेथें लोहमार्गास समपातळीवर छेदतो तेथें उभें असलेलें फाटक, हा तो विषय होय.

आमचें चिमूर लोहमार्गावर नाहीं. पूर्वेस नागभीड व नैर्ऋत्येस वरोरा हीं चिमूरकरांचीं रेल्वेचीं द्वारें. वरोऱ्यास कोळशाच्या खाणीसाठीं एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत वर्ध्याहून रूळ आले. खाण १९०६ सालीं बंद पडली, परंतु रूळ राहिले. नागपूर-नागभीड हा अडीच फूट रुंदीचा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेनें १९०८ सालीं खुला केला. रुंदीकरणासाठीं तो २०१९ च्या नोव्हेंबरांत बंद झाला आणि त्याबरोबर त्याच्या फाटकांचेंहि काम संपलें.

संस्कृतांत द्वारास आडव्या घालावयाच्या दांड्यास ‘अर्गला’ व ‘परिघ’ असे शब्द आहेत. पहिल्याची मराठींत ‘आगळ’ झाली. दुसरा वर्तुळाच्या कडेस जाऊन बसला. मराठेशाहींत रस्त्यावरची आडकाठी म्हणजे जकातीचें नाकें. तेथें हक्काचा पैसा दिल्यावांचून वाट मोकळी होत नसे. रेल्वेचें फाटक पैसा मागत नाहीं. तें वाटसरूपासून घटकाभर वेळ घेतें व त्याचा जीव राखतें.

या आडकाठीमागें एक करार आहे. १८९० च्या रेल्वे-कायद्याच्या १३ व्या कलमानें सरकारास असा अधिकार दिला कीं, सार्वजनिक रस्ता समपातळीवर ओलांडला जातो तेथें फाटकें, साखळ्या किंवा दांडे उभारण्यास व त्यांच्या उघडझांकीसाठीं माणसें नेमण्यास रेल्वेस फर्मावावें. रस्ता आधींचा, रूळ मागाहून आलेले. म्हणून मागाहून येणारावर हा भार. उलटपक्षीं, गाडी येत आहे हें ठाऊक असतां फाटक उघडणारा १२४ व्या कलमान्वयें दंडास पात्र होई. हा कायदा पुढें १९८९ च्या कायद्यानें मागें पडला. इंग्लंडांत १८४५ च्या कायद्यानें फाटकें रस्त्यावर सदैव मिटलेलीं ठेवावीं असा सामान्य नियम घातला होता. आमच्याकडे अमुक फाटक नेहमीं उघडें असावें कीं मिटलेलें, हें त्या त्या ठिकाणापुरतें ठरविलेलें असतें.

फाटकांचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला साखळीचा : दोन खांब, मध्यें लोंबती साखळी व तिच्यावर तांबडी तबकडी. दुसरा झडपांचा : बिजागरीवर फिरणाऱ्या दोन झडपा व कुलूप. तिसरा उचलत्या दांड्याचा : मूठ फिरविली म्हणजे तारेच्या योगानें दोन्हीं बाजूंचे दांडे एकदम हलतात व दांड्याच्या बुडाशीं बसविलेलें वजन त्यांस तोलून धरतें. सिग्नलाशीं जोडलेलें फाटक मिटल्यावांचून सिग्नल पडत नाहीं. जेथें अशी जोडणी नाहीं, पण टेलिफोन आहे, तेथें स्टेशनमास्तर व फाटकवाला परस्परांस गुप्त अंक सांगतात व ते वहींत टिपून ठेवतात.

संशोधकांच्या दृष्टीनें महत्त्व आहे तें या कागदांचें. फाटकावर माणूस ठेवावा कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं रेल्वे ठराविक मुदतीनें रहदारीची गणती करते. तींत बैलगाडी, टांगा व मोटार यांचें मोल सारखें, प्रत्येकी एक, सायकलरिक्षाचें अर्धें. या एककांच्या संख्येस गाड्यांच्या संख्येनें गुणून त्या फाटकाचा दर्जा ठरतो. म्हणजे एखाद्या आडरस्त्यावरून दिवसाकांठीं किती बैलगाड्या जात होत्या, हें ज्या कागदांवरून कळेल ते कागद फाटकाच्या निमित्तानें निर्माण झाले. रानांतील गांवांच्या दळणवळणाचा इतिहास लिहूं पाहणारास याहून प्रत्यक्ष पुरावा कोणता हवा?

तो पुरावा कसा नाहींसा होतो याचा अनुभव प्रस्तुत लेखकास आला. कांहीं वर्षांपूर्वीं एका दुकानांतून वाणसामान आणिलें असतां पुडीचा कागद उलगडून पाहिला, तों तो फाटकाच्या वहीचा निघाला. गाडीचा क्रमांक, फाटक मिटल्याची वेळ, उघडल्याची वेळ, गुप्त अंक व सही असे रकाने होते. स्थळाचें नांव असलेला भाग फाटलेला होता. दुसऱ्या दिवशीं दुकानांत चौकशी केली, तों उरलेली वही संपली होती. तें पान मजपाशीं आहे. परंतु ज्या पानास ठिकाण नाहीं तें इतिहासास कितीसें उपयोगी पडणार?

रुंद मार्गावरील माणूस नसलेलीं फाटकें रेल्वेनें २०१९ च्या जानेवारीअखेर संपविलीं. माणूस असलेल्यांच्या जागींहि पूल व भुयारी रस्ते होत आहेत. जीवितरक्षणाच्या दृष्टीनें हें इष्टच आहे, व जुन्या लोखंडाच्या प्रेमानें त्यास विरोध करणें शहाणपणाचें नव्हे. इंजिनांस चाहते पुष्कळ. नागपुरांत मोतीबाग येथें अरुंद मार्गाचें संग्रहालय २००२ पासून आहे. फाटकाच्या साखळीकडे, कंदिलाकडे व क्रमांकाच्या पाटीकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष जातें.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति इतकीच. नागभीड-उमरेड-नागपूर वाटेवरील प्रत्येक जुन्या फाटकाचें स्थळ, प्रकार व त्यावरून जाणारा रस्ता यांची टिपणी करावी. निवृत्त फाटकवाल्यांच्या तोंडची माहिती, ते हयात आहेत तोंवर, लिहून घ्यावी. वह्या आढळल्यास त्यांच्या नकला किंवा छायाचित्रें घेऊन पानावर स्थळकाळ नोंदवावा. मात्र रेल्वेच्या मालकीची वस्तु परवानगीवांचून उचलणें हा संग्रह नव्हे, ती चोरी होय. मोडीच्या रुमालांस वाळवीपासून वांचविण्यांत ज्यांनीं आयुष्यें वेंचिलीं, त्यांस एवढें काम अवघड नाहीं. इत्यलम्.