पातळ चिलखताचे गणित
विकर्स कंपनीचा ‘मार्क ६’ हा हलका रणगाडा १९३६ साली ब्रिटिश सैन्यात आला. वजन सुमारे पाच टन, वेग ताशी ५६ किलोमीटर, चिलखत ४ ते १४ मिलिमीटर. बंदुकीची गोळी अडावी, एवढीच त्याची प्रतिज्ञा! टेहळणीला व साम्राज्याच्या सीमांवरील बंदोबस्ताला ती पुरेशी होती. शिवाय खजिन्याला परवडणारी. बुरूज मागे वाढवला तो बिनतारी संच मावावा म्हणून. शस्त्रे मात्र दोन मशीनगनच. तिघांच्या चमूतील नायकाने संचही सांभाळायचा आणि शत्रूही हेरायचा. दोष अभियंत्यांना देणे सोपे आहे. वस्तुतः मागितले तेच त्यांनी दिले. मे १९४० मध्ये फ्रान्समधील ब्रिटिश रणगाड्यांत बहुसंख्या याच गाड्यांची होती. समोर जर्मनांच्या ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या आणि त्यांच्यापुढे हा पत्रा असून नसल्यासारखाच होता.